मूर्तिकाराच्या घरातील मुलीला शिल्पकला शिकायची आहे; महाविद्यालय कोणते निवडावे?

गंगावेशीतला मामा

नमस्कार. माझी भाची यंदा वाणिज्य शाखेतून बारावीला आहे. तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या दाजींचा, बापट कॅम्पात गणेशमूर्तींचा कारखाना असून मुलगी शाडूतच वाढली आहे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी गेली काही वर्षे तीच करते आणि नेहमीची गिऱ्हाइके ‘डोळे पोरीकडूनच करून घ्या’ असे दाजींना सांगून जातात. शासकीय रेखाकला परीक्षांपैकी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ती उत्तीर्ण झाली असून इंटरमिजिएटला तिला ‘अ’ श्रेणी मिळालेली आहे.

बारावीनंतर कलेचेच शिक्षण घ्यायचे, एवढ्यावर घरात एकमत आहे. त्यापुढे मात्र प्रत्येकाची दिशा वेगळी आहे. भाचीला शिल्पकला शिकायची आहे आणि कावळा नाक्यावरच्या ताराराणींच्या पुतळ्यासारखे काम आपल्या हातून व्हावे, असे ती बोलून दाखवते. दाजींचे म्हणणे असे की, माती घरात असताना चार वर्षे बाहेर घालवण्याचे कारण नाही आणि शिकायचेच असेल तर कोल्हापुरात शिकावे. माझ्या बहिणीला उपयोजित कला, म्हणजे अप्लाइड आर्ट, बरी वाटते, कारण त्यात नोकरी मिळते. माझा स्वतःचा लहानसा छापखाना असल्यामुळे मांडणी करणाऱ्या मुलांना काम मिळते हे मी रोज पाहतो, त्यामुळे बहिणीचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नाही.

मुंबईचे जे. जे., बडोदा, सावर्डे, पुणे आणि आपल्या कोल्हापुरातील महाविद्यालये, इतकी नावे कानावर आली आहेत. पहिले कोणते आणि दुसरे कोणते, अशी क्रमवारी मला नको आहे. हिच्या उद्दिष्टाला कोणते ठिकाण जुळेल आणि ते जुळते की नाही हे आमच्यासारख्या बाहेरच्या माणसांनी कसे ओळखावे, हे जाणकारांनी सांगावे. वसतिगृहाचा आणि जेवणाचा खर्च आम्ही पेलू शकू, परंतु वर्षाला काही लाख रुपये शुल्क देण्याची आमची ऐपत नाही.

उभे शिल्प

मामा, आपण क्रमवारी मागितली नाही हे बरे केले. मी स्वतः मुंबईत शिल्पकला शिकून आता जिल्ह्यातच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘शिल्पकला शिकायची आहे’ या एका वाक्यात निदान तीन वेगवेगळी आयुष्ये दडलेली असतात. एक आहे ते व्यक्तिशिल्पे आणि सार्वजनिक पुतळे करणाऱ्या शिल्पकाराचे, ज्यात संस्था, नगरपालिका आणि समित्या हे गिऱ्हाईक असते. दुसरे आहे स्वतःच्या कल्पनेने शिल्पे घडवून प्रदर्शने भरवणाऱ्या कलावंताचे, ज्याला उत्पन्नासाठी बरीच वर्षे थांबावे लागते. तिसरे म्हणजे घरचाच मूर्तींचा धंदा अधिक चांगल्या हाताने आणि नव्या साधनांनी पुढे नेणे. तिन्ही मार्ग सारखेच सन्मानाचे आहेत, पण तिन्हींना एकच महाविद्यालय मानवत नाही. आपल्या भाचीने ताराराणींच्या पुतळ्याचे नाव घेतले, त्यावरून तिचा ओढा पहिल्या मार्गाकडे दिसतो. तो पुतळा रवींद्र मेस्त्री यांचा. घोडा केवळ मागच्या दोन पायांवर उभा आहे आणि सगळा भार त्या पायांतून खाली उतरतो. हे जमायला हाताच्या सफाईइतकेच आतल्या सांगाड्याचे, वजनाच्या विभागणीचे आणि ओतकामाचे ज्ञान लागते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये उभारणीनंतर वर्षभराच्या आतच कोसळला, तेव्हापासून या विषयाची चर्चा सामान्य माणसांतही झाली आहे. स्मारकशिल्प करू इच्छिणाऱ्या मुलीने आतील सांगाडा, वेल्डिंग आणि साचेकाम प्रत्यक्ष शिकवणारी जागाच निवडावी.

आता दाजींच्या म्हणण्याकडे येतो, कारण त्यात तथ्य आहे आणि तरीही ते अपुरे आहे. मूर्तिकामाने तिच्या बोटांना माती कळली, ही मोठी शिदोरी झाली. शहरातून येणाऱ्या मुलांना तेवढ्यासाठी पहिले वर्ष खर्ची घालावे लागते. परंतु गणेशमूर्तीचा चेहरा हा ठरलेला, आदर्श चेहरा असतो आणि वर्षानुवर्षे तोच घडवल्याने हाताला एक वळण पडते. व्यक्तिशिल्पात समोर बसलेल्या माणसाचा डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित खाली असेल, तर तो तसाच यावा लागतो. मूर्तिकारांच्या घरातून आलेली मुले सुरुवातीला प्रत्येक म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर देवाचे गाल चढवतात, हे मी वर्गात आणि पुढे माझ्या कार्यशाळेतही पाहिले आहे. हे वळण मोडण्यासाठी समोर जिवंत मॉडेल बसवून महिनोन्महिने केलेला अभ्यास आणि रोज येऊन चूक दाखवणारा शिक्षक लागतो. घरच्या कारखान्यात, ज्येष्ठ महिन्यापासून मागणीची घाई सुरू झाली की, त्याला सवड मिळणे शक्य नाही.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ मधली असून शरीररचनेचा आणि व्यक्तिचित्रणाचा काटेकोर अभ्यास ही तेथील जुनी परंपरा आहे. गणपतराव म्हात्रे यांनी ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प तेथे विद्यार्थी असतानाच केले होते. स्मारकशिल्पाकडे जायचे असेल तर ही परंपरा उपयोगी पडते. मुंबईत राहण्याचा लाभ वेगळाच आहे. जहांगीर कलादालन आणि वस्तुसंग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे डोळा आपोआप तयार होतो. सावर्ड्याचे सह्याद्री महाविद्यालय चित्र आणि शिल्प या दोन्हींसाठी ओळखले जाते आणि गावातील शांत वातावरणामुळे तेथील मुलांच्या हाताला भरपूर काम मिळते. मुंबईचा खर्च झेपत नसेल तर ते नाव दुय्यम समजू नये.

ओळखायचे कसे, हा आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुटीच्या दिवशी न जाता कामाच्या दिवशी दुपारी जाऊन शिल्प विभाग पाहावा. मातीच्या हौदात हात घालून पाहावा. सत्र चालू असताना हौदातली माती वाळून भेगाळलेली असेल, तर त्या विभागात काम होत नाही, मग माहितीपुस्तिकेत काहीही छापलेले असो. स्टँडवरची अपुरी शिल्पे ओल्या फडक्यांनी झाकलेली आहेत का, त्या फडक्यांना ओल आहे का, हे पाहावे. आठवड्यात किती वेळा मॉडेल बसते, हे शिक्षकांना न विचारता मुलांना विचारावे. प्लॅस्टरच्या साच्यापुढे जाऊन मेण, फायबर किंवा धातूतील काम मुले स्वतः करतात की बाहेर देऊन करवून घेतात, हेही विचारावे. शेवटच्या वर्षाच्या मुलांची कामे एकमेकांपासून वेगळी ओळखू येत असतील तर शिक्षक चांगले आहेत असे समजावे. सगळ्यांची कामे एकाच हातची वाटली तर त्या ठिकाणी मुलगी घालण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

बहिणीच्या काळजीबद्दल एवढेच सांगतो की, शिल्पकाराला पगार नसतो, परंतु आपल्या भागात पुतळ्यांची कामे सतत निघत असतात आणि चांगले पोर्ट्रेट करणारी माणसे थोडी आहेत.

ओतकामवाला, शिरोली

वरील प्रतिसाद विद्वत्तापूर्ण आहे, पण मला थोडे वेगळे सांगायचे आहे. आमच्याकडे कांस्य ओतकामासाठी शिल्पकार येतात. त्यांतील ज्यांचे काम भट्टीवर सर्वांत कमी अडते, ते बहुधा पदवीधर नसून एखाद्या ज्येष्ठ शिल्पकाराच्या हाताखाली राबलेले असतात. मेणाची जाडी सारखी ठेवणे, हवा बाहेर पडण्याच्या वाटा कोठे सोडायच्या, मोठ्या पुतळ्याचे भाग कोठे तोडले म्हणजे जोड दिसणार नाही, या गोष्टी त्यांना तोंडपाठ असतात. बाबूराव पेंटर कोणत्या कला महाविद्यालयात शिकले होते? त्यांनी चित्रे काढली, शिल्पे केली, ओतकाम केले, कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ चित्रपटही काढला. कोल्हापुरातील मुलीने कोल्हापुरातल्याच एखाद्या चांगल्या कार्यशाळेत चार वर्षे घालवली, तर ती घराजवळ राहील, कमावतीही होईल आणि कामही पक्के शिकेल.

उभे शिल्प

ओतकामवाले, भट्टीविषयीचे आपले म्हणणे शब्दशः मान्य आहे. परंतु बाबूरावांचे उदाहरण आपल्याकडे नेहमी अर्धेच दिले जाते. ते घरच्या कारागिरीत आणि आनंदराव पेंटरांच्या सोबतीत घडले. म्हणजे त्यांच्यासाठी घर हीच शाळा होती आणि ती असाधारण दर्जाची होती. त्याच कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईला जे. जे. मध्ये शिकून परत आले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला आणि रंकाळ्याच्या, कोटितीर्थाच्या परिसरात ते चित्रे काढत राहिले. महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ मध्ये येथेच जन्मले, १८९० मध्ये जे. जे. मध्ये दाखल झाले आणि त्याच संस्थेत संचालकपदापर्यंत पोहोचले. एक गेलाच नाही, एक जाऊन परतला, एक तिकडेच राहिला. या तिघांपैकी कोणाचाही मार्ग दुसऱ्याला चालला असता असे मला वाटत नाही.

शिवाय एक व्यवहाराची बाब आहे. सार्वजनिक पुतळ्यासाठी शासनाची परवानगी लागते आणि मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. तेथे कामच बोलते हे खरे असले, तरी एखाद्या समितीपुढे कोऱ्या पाटीने उभ्या राहणाऱ्या तरुण मुलीला पदवीचा आधार लागतो. पुरुष शिल्पकाराला जे विचारले जात नाही ते तिला विचारले जाईल. सुटीत मात्र तिने आपल्यासारख्यांच्या भट्टीवर अवश्य यावे.

गडहिंग्लजच्या कलाशिक्षिका

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते आणि दरवर्षी काही मुले कला महाविद्यालयांत जातात, त्यामुळे कागदपत्रांची बाजू सांगते. अनेकांचा निर्णय येथेच फसतो.

सर्वप्रथम पदवी आणि पदविका यांतील फरक घरातील सर्वांनी समजून घ्यावा. पदवी, म्हणजे बी.एफ.ए., ही विद्यापीठाची असते आणि चार वर्षांची असते. त्या महाविद्यालयाची संलग्नता कोणत्या विद्यापीठाशी आहे हे लेखी पाहावे. पदविका ही कला संचालनालयाच्या अखत्यारीत असते आणि तिची वाट फाउंडेशनपासून सुरू होते. शाळेत कलाशिक्षक होण्यासाठीचा एटीडी हा आणखी वेगळा अभ्यासक्रम आहे. कोल्हापुरातील दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट, कलानिकेतन यांसारख्या संस्थांतून चित्रकार आणि कलाशिक्षक अशा अनेक पिढ्या बाहेर पडल्या आहेत आणि आमच्या पिढीतील बहुतेक शिक्षक त्यांचेच ऋणी आहेत. परंतु तुमच्या भाचीला शिल्पकला हवी आहे. म्हणून ज्या संस्थेचा विचार कराल तेथे शिल्पकलेचा स्वतंत्र, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम याच वर्षी चालू आहे का, एवढा एकच प्रश्न आधी विचारावा. चित्रकलेला प्रवेश घ्यायचा आणि नंतर शिल्पकलेकडे वळायचे, असा सल्ला काही जण देतात. तो मला धोक्याचा वाटतो. पुढे एम.एफ.ए. करायचे मनात असेल तर पदवीचा मार्ग सरळ आहे, पदविकेनंतर कोणते विद्यापीठ प्रवेश देते ते आधीच विचारून ठेवावे लागते.

राज्यातील बी.एफ.ए. प्रवेशासाठी सीईटी कक्ष स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेतो. कोणत्याही शाखेची बारावी त्यासाठी चालते, त्यामुळे वाणिज्य शाखेची अडचण नाही. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असे तिचे स्वरूप आहे. परीक्षेत माती नाही, हे मुद्दाम सांगते. मूर्ती घडवणारा हात कितीही चांगला असला तरी पत्र्याचा डबा, घडी पडलेले कापड आणि काचेची बाटली पेन्सिलीने मापात काढता आली पाहिजे. जे. जे. ला २०२३ मध्ये स्वतंत्र अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेला आहे. त्यामुळे त्यांची प्रवेशसूचना सीईटी कक्षाच्या सूचनेबरोबरच वेगळी वाचावी, एक अर्ज भरला म्हणजे दोन्ही झाले असे गृहीत धरू नये.

पैशांविषयी. केंद्रीय प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना राज्य शासनाने २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिलेली आहे. यातील कळीचा शब्द ‘केंद्रीय प्रवेश फेरी’ हा आहे. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही सवलत हातची जाते, आणि हे प्रवेशाच्या खिडकीवर कोणी आपण होऊन सांगत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र यांची तजवीज दिवाळीतच करावी. निकालानंतर सेतू केंद्रासमोर किती गर्दी असते हे आपण जाणताच.

बडोद्याचा जुना विद्यार्थी

बडोद्याचे नाव निघाले आहे म्हणून लिहितो. महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला विद्याशाखा १९५० मध्ये सुरू झाली आणि शिल्पकलेचा विभाग हे तिचे बलस्थान राहिले आहे. प्रवेशासाठी विद्यापीठ स्वतःची परीक्षा घेते, म्हणून महाराष्ट्रातील सीईटी देऊन तेथे जाता येत नाही. ‘उभे शिल्प’ यांनी जी तीन आयुष्ये सांगितली, त्यांपैकी दुसऱ्यासाठी बडोदा अधिक योग्य आहे. तेथे चित्र, शिल्प, छापचित्र आणि कलेतिहास हे विभाग शेजारी शेजारी असल्यामुळे शिल्पाचा विद्यार्थी दुपारी छापखान्यात आणि संध्याकाळी कलेतिहासाच्या वादविवादात सापडतो. लोखंड, लाकूड, दगड, कागद, सापडलेल्या वस्तू, काहीही हाताळायला मिळते आणि ‘हे का केलेस?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. ज्याला हुबेहूब व्यक्तिशिल्पच करायचे आहे, त्याला या प्रश्नाचा पहिल्या दोन वर्षांत कंटाळा येऊ शकतो. माझ्या वर्गातील एक चांगला हात याच कारणाने मधूनच परत गेला.

हेच शांतिनिकेतनच्या कलाभवनालाही लागू पडते. रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये सिमेंट आणि स्थानिक मुरमाच्या मिश्रणातून केलेले संथाळ कुटुंब तेथे उघड्या आवारात उभे आहे आणि ते पाहिल्यावर पुतळा म्हणजे काय याविषयीची आपली कल्पनाच बदलते. मुलीला त्याचे छायाचित्र दाखवा आणि तिला काय वाटते ते विचारा. ती अस्वस्थ होऊन प्रश्न विचारू लागली तर बडोद्याचा अर्ज भरा. तिला ते ओबडधोबड वाटले तर मुंबई किंवा सावर्डे तिच्यासाठी ठीक. मात्र राज्याबाहेर गेल्यावर वरील शुल्क सवलत मिळणार नाही, हे खर्चाच्या हिशेबात धरावे. कोल्हापूर-अहमदाबाद गाडी बडोद्यावरून जाते, पण ती आठवड्यातून एकदाच.

मांडणीकार

मी उपयोजित कलेचा पदवीधर असून पुण्यात जाहिरात क्षेत्रात आहे. मामांच्या बहिणीचे म्हणणे दहा वर्षांपूर्वी जितके बरोबर होते तितके आता राहिलेले नाही. साधी मांडणी, बोधचिन्हे, सणांच्या शुभेच्छांचे फलक ही कामे आता यंत्राकडून झपाट्याने होऊ लागली आहेत आणि नवशिक्यांना मिळणारी पहिली नोकरी त्यामुळेच आक्रसली आहे. उपयोजित कला आवडत असेल तर ती आजही उत्तम शाखा आहे, परंतु केवळ नोकरीच्या खात्रीसाठी मातीत रमणाऱ्या मुलीला तिकडे ढकलू नये.

नोकरीच हवी असेल तर शिल्पकलेतूनच एक वाट निघते. चित्रपट, खेळ आणि खेळणी यांच्या निर्मितीत संगणकावर त्रिमित आकार घडवणारी माणसे लागतात आणि ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. मातीत चेहरा घडवता येणाऱ्याला ते शिकायला फार काळ लागत नाही. उलट बाजूने आलेल्याला मात्र गालाचे हाड कोठे वळते ते सांगता येत नाही. मोठे पुतळेही आता लहान प्रतिकृती स्कॅन करून वाढवले जातात. एन.आय.डी. किंवा आय.आय.टी.ची डिझाइन पदवी हा वेगळा विषय आहे. त्यांच्या परीक्षांचे अर्ज बारावीच्या दिवाळीच्या सुमारासच निघतात आणि शुल्क मामांनी सांगितलेल्या मर्यादेबाहेर जाते, म्हणून त्याचा विस्तार करत नाही.

गंगावेशीतला मामा

सर्वांचे मनापासून आभार. सर्व प्रतिसाद छापून काढून रविवारी घरी वाचले. दाजी ‘मातीच्या हौदात हात घालून पाहावा’ या वाक्यापाशी थांबले आणि ‘हा माणूस कामाचा आहे’ एवढेच म्हणाले. त्यानंतर बाहेर शिकण्याला त्यांनी विरोध केला नाही, फक्त गणपतीच्या आधीचा महिना मुलगी घरी हवी अशी अट घातली. ती अट महाविद्यालयाला मान्य होईल असे मला वाटत नाही, पण तो वाद पुढचा आहे.

संथाळ कुटुंबाचे छायाचित्र भाचीला दाखवले. तिने ते बराच वेळ पाहिले आणि ‘यांचे पाय चालत आहेत’ असे म्हणाली, पण स्वतःला मात्र माणसाचा चेहराच करायचा आहे, हेही तिने स्पष्ट सांगितले. त्यामुळे जे. जे. आणि सावर्डे या दोन्हींसाठी प्रयत्न करायचे ठरले आहे. पुढच्या आठवड्यात आंबा घाटाने सावर्ड्याला जाऊन कामाच्या दिवशी विभाग पाहून येऊ, मुंबईला त्यानंतर जाऊ. बहिणीची काळजी अजून गेलेली नाही, पण शुल्क सवलतीचे वाचून तिने उत्पन्नाच्या दाखल्याची चौकशी सुरू केली आहे.

आता एकच शंका उरली आहे. बाईंनी परीक्षेत माती नाही असे लिहिले. भाचीचे स्मरणचित्र बरे आहे, वस्तुचित्र मात्र कच्चे आहे. बारावीचा अभ्यास सांभाळून तयारी कशी करावी? शहरात खासगी वर्ग आहेत, त्यांना घालावे का?

गडहिंग्लजच्या कलाशिक्षिका

वर्गाला घालण्याआधी तेथील मुलांची वस्तुचित्रे पाहा. सर्वांच्या तांब्याचा उजेड डावीकडूनच येत असेल आणि कापडाच्या घड्या सारख्याच असतील, तर ती मुले पाठ केलेले चित्र काढत आहेत असे समजा. परीक्षेत मांडणी बदलली की ती गोंधळतात. घरी करायचे असेल तर कारखान्यातीलच वस्तू घ्या. रंगाचा डबा, प्लॅस्टरची पिशवी, अर्धा साचा आणि पाण्याची बादली खिडकीशेजारी मांडून रोज एक रेखाटन करावे आणि मांडणी दर दोन दिवसांनी बदलावी. बादलीच्या काठाची लंबवर्तुळे डोळ्याच्या पातळीनुसार कशी रुंद-अरुंद होतात, हे एकदा बसले की निम्मे काम होते. तिला आकाराची घनता बोटांनी माहीत आहे, म्हणून छायाप्रकाश लवकर जमेल. अडेल ते मापात आणि रंगात. मूर्ती रंगवताना स्प्रेची सवय असते, त्यामुळे पोस्टर कलरचा सपाट, डाग न पडणारा हात संकल्पचित्रासाठी वेगळा बसवावा लागतो. स्मरणचित्रासाठी तिने बिंदू चौकात किंवा लक्ष्मीपुरीच्या बाजारात उभे राहून माणसे पाहावीत आणि घरी येऊन काढावीत. चालणारी, ओझे उचलणारी, वाकलेली माणसे या प्रश्नात हमखास लागतात, आणि पुढे शिल्पासाठीही तीच लागणार आहेत.

सावर्ड्याला जाताना तिची पाच-सहा रेखाटने आणि शाडूत केलेला एखादा चेहरा बरोबर न्या. गणपती नको, घरातीलच कोणाचा तरी चेहरा असावा. तेथील शिक्षक तो पाहून जे बोलतील, त्यावरून विभागाचीही परीक्षा होईल.